डंकाची मूठ

निपाणी,
१२ फेब्रुवारी २०२५

पूर्णिमा,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडण उरकून घेते. फोन केला असता, पण सव्वीस वर्षं मिरची कुटायच्या डंकाशेजारी बसून माझे कान कामातून गेलेत हे तुला ठाऊक आहे. फोनवर तू बोलत राहतेस आणि मी नुसती व्हय व्हय करत राहते. आज मला व्हय व्हय करायचं नाही.

परवा तम्मण्णाच्या दुकानात मीठ आणायला गेले होते. काउंटरवर दोरीला लाल पाकिटं टांगली होती आणि प्रत्येक पाकिटावर माझी आई, तुझी मावशी. एक नाही, वीस-पंचवीस आया एका दोरीवर. मी म्हटलं, "तम्मण्णा, ह्ये काय रं?"

तो म्हणाला, "बेळगावचा माल हाय आक्का. लई खपतोय. म्हातारीचा फोटू बघूनच बायका उचलत्यात."

ती म्हातारी माझी आई आहे हे मी त्याला सांगितलं नाही. एक पाकीट घेतलं, पैसे दिले आणि स्वतःच्या आईला विकत घेऊन घरी आले.

घरी आल्यावर चष्मा लावून सगळं वाचलं. 'मावशीची चटणी. तीन पिढ्यांचं गुपित प्रमाण.' दुसऱ्या बाजूला तेच कानडीत, तिथं मावशीची दोड्डम्मा झाली आहे. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला दोड्डम्मा, आई मात्र कुठल्याच बाजूला नाही. बाळाबाईला एक पोटची मुलगी होती, हे ते पाकीट वाचून कुणाला कळणार नाही.

फोटो तुझ्या पिरनवाडीच्या घराच्या वास्तुशांतीचा आहे. मी ओळखला, कारण त्या फोटोत मीही होते. आईच्या डाव्या बाजूला मी उभी होते. तू मला कापलंस. पण नीट कापायला जमलं नाही तुला. आईच्या खांद्यावर एक हात राहिलाय, हिरव्या बांगड्यांचा. तो माझा हात आहे. मनगटाच्या पुढं मी संपते आणि मिरचीचं चित्र सुरू होतं.

मला विचारलं होतंस का, पूर्णे? तुझ्या धंद्याचे नियम मला माहीत नाहीत. माझ्या धंद्याचा एकच आहे. फेब्रुवारी ते मे निपाणीतल्या बायका आपापली मिरची आणि आपापला मसाला घेऊन माझ्या दारात नंबर लावतात. कोण धने जास्त घालतं, कोण खोबऱ्यावर हात आखडतं, कुणाची सासू दगडफूल लपवून आणते, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उखळात पडतं. सव्वीस वर्षांत एका घरचं प्रमाण मी दुसऱ्या घराला सांगितलेलं नाही. कुणाच्या चटणीला बरंही म्हटलं नाही आणि वाईटही नाही. म्हणून तर जाताना प्रत्येक घर मजुरीवर एक मूठ चटणी उखळात ठेवून जातं. डंकाची मूठ. आपल्या गावात आईच्या डंकालाही ती मिळायची, तू पाहिलेलीच आहेस.

तुझी चटणी कशी लागली ते मी लिहिणार नाही. नियम तो नियम.

आशीर्वाद आहेत.

आक्काताई


पिरनवाडी,
२१ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. महादेवला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, आक्कांना फोटो चांगला आला नाही म्हणून राग आलाय का. मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुला बायकांचं काही कळत नाही.

तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. पण घाईत राहून गेलं असं म्हणणार नाही, कारण घाई नव्हती. मला भीती वाटली की तू नको म्हणशील.

आता माझी बाजू ऐक. पहिलं वर्षभर माझ्या पाकिटावर नुसती मिरची होती. खासबागच्या बाजारात, शहापुरात, वडगावात, दुकानादुकानात मी स्वतः पिशवी घेऊन फिरले. चटणी हीच होती, पण कुणी हात लावेना. मग इथं बायकांच्या उद्योगांसाठी तीन दिवसांचा वर्ग होता, तिथं गेले. शिकवणारे सर म्हणाले, लोक कागद वाचत नाहीत, चेहरा वाचतात. तुमच्या मालाला चेहरा कुणाचा आहे? सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला मात्र विचार करावा लागला नाही. मावशीचा चेहरा लावला आणि दोन महिन्यांत कामाला तीन बायका ठेवाव्या लागल्या.

यात खोटं काय आहे, याचा मी खरंच विचार केला आहे. मावशी होती, डंक होता, चटणी होती. शिवाय कोण आपला माल सजवून मांडत नाही? खासबागेतली भाजीवाली मेथीवर पाणी शिंपडते. महादेवच्या ऑफिसात साहेब येणार म्हटलं की सगळे फायली उघडून बसतात. तुझं लग्न ठरताना मावशीनं पाहुण्यांना जो भरतकामाचा रुमाल दाखवला, तो शेजारच्या सुताराच्या सुनेनं भरलेला होता. मावशी सांगताना किती हसायची. पण तुझा संसार त्या रुमालामुळं खोटा झाला का?

एका गोष्टीचं मात्र मला लागून राहिलं आहे. 'गुपित प्रमाण' छापलं खरं, पण मला जी चव आठवते ती जुळत नाही. जवारी मिरची वाढवून बघितली, रंगासाठी ब्याडगी घातली, लसूण बदलला. लोक चांगली म्हणतात. मला कळतं की ती ती नाही. दर उन्हाळ्यात मावशी तुझ्यासाठी निपाणीला एक डबा पाठवायची, झाकणाला फडकं बांधून. मला हात लावू द्यायची नाही. खरं प्रमाण त्या डब्यात होतं, असं मला तेव्हापासून वाटतं. लेकीला तिनं सांगितलंच असणार. मला लिहून पाठवशील?

आणि अजून एक. माझा माल आता इथल्या गिरणीत मावत नाही. तुझ्या डंकावर महिन्याला दोन क्विंटल कुटून देशील? वर्षभराचं काम होईल. तुलाही जूननंतर हातावर हात धरून बसावं लागणार नाही.

तुझी पूर्णिमा


निपाणी,
४ मार्च २०२५

पूर्णिमा,

रुमालाची गोष्ट आईनं मला कधी सांगितली नाही. पस्तीस वर्षं मला वाटत होतं की तो रुमाल तिनं भरला होता. तुला सांगितलं आणि हसून सांगितलं. चांगलं झालं, निदान पत्रातून तरी कळलं.

मी सासरी आले त्या वर्षी तू आठ वर्षांची होतीस. मे महिन्यात मी गेले आणि जूनमध्ये, तुझी आई वारल्यावर, तुला आपल्या घरी आणलं. माझं अंथरूण, माझी पाटी ठेवायची फळी, डंकाजवळची माझी बसायची जागा, सगळं तुला तयार मिळालं. पोरक्या पोरीचा मत्सर करू नये हे मलाही कळत होतं. म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही. पण पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस आणि आई मला म्हणाली, "आक्काताई, जरा हळू बोल गं, पोरगी निजलीया." ते मी अजून विसरले नाही. शेवटचं वर्षही ती तुझ्याकडंच राहिली. माझ्याकडं डंकाचा आवाज असतो, तिला सोसत नाही, असं तू सगळ्यांना सांगितलंस. जन्मभर डंकावर बसलेल्या बाईला डंकाचा आवाज सोसत नाही.

आता तू मला काम देतेस. दोन क्विंटल. माझ्या आईच्या तोंडावर तुझा धंदा चालणार आणि मी तुझ्या हाताखाली मिरच्या कुटणार. पूर्णे, हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही? माझ्या दारात नंबर लागतो अजून. मला काम नको.

प्रमाणाचं म्हणशील तर ते माझ्याकडं आहे. आईनं सांगितलेलं, वहीत लिहिलेलं, पेटीत ठेवलेलं. मी ते देणार नाही. चेहरा घेतलास तेवढा पुरे.

तुझं पाकीट इथंही बोलण्यात आहे. काल जयाबाई ते घेऊन नंबरात बसली होती. सगळ्यांसमोर फोडलं, तळहातावर चटणी घेतली आणि मला विचारलं, "आक्काताई, कशी गं वाटतीया ही?" बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी माझ्या धंद्याला धरून वागले, एवढंच लिहिते.

आक्काताई


पिरनवाडी,
२७ मार्च २०२५

आक्का,

तुझ्या पत्राचं उत्तर मनात तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. ते राहू दे. आता मला तुझी मदत पाहिजे, म्हणून मान बाजूला ठेवून लिहिते.

माझ्या चटणीत रंग आहे अशी बोलवा उठली आहे. कपड्याचा रंग. मार्चच्या मध्याला तम्मण्णानं सगळी पाकिटं परत पाठवली. मग संकेश्वरच्या दोन दुकानांनी. आता इथं वडगावातल्या बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी ग्लासात पाणी घेऊन माझी चटणी टाकून दाखवते आहे आणि पाणी लाल झालं की म्हणते, बघा. कुठलीही तिखटाची पूड पाण्यात टाकली तर ते लाल होणारच ना?

मी तपासणी करून घेतली. रंग नाही, असा अहवाल आला. तो कागद घेऊन मी दुकानं फिरते. दुकानदार मान डोलावतात आणि पाकिटं परत देतात. लोक कागद वाचत नाहीत असं मीच तुला लिहिलं होतं. कोल्हापूरच्या एका मोठ्या दुकानाशी बोलणी झाली होती, पाडव्याला माल जायचा होता. त्यांनी थांबा म्हणून कळवलं आहे. हे गेलं तर मला बंदच करावं लागेल. कामाच्या तिघींना सोमवारपासून येऊ नका म्हटलं. अंगणात ब्याडगीची पोती तशीच पडली आहेत आणि मी त्यांच्याकडं बघत बसते.

तम्मण्णाला मी विचारलं की हे कुणी सांगितलं. तो म्हणाला, "जिला कळतंय अशा बाईनं सांगितलंय ताई, म्हणून लोक ऐकाय लागल्यात." नाव घेतलं नाही.

आक्का, निपाणीतली प्रत्येक बाई उन्हाळ्यात तुझ्या दारात येते. तुझ्या कानावर काहीतरी आलं असेल. कोण आहे ती? मी तिच्याशी भांडणार नाही. फक्त जाऊन विचारणार आहे की बाई, मी तुझं काय वाईट केलं?

पूर्णिमा


निपाणी,
३ एप्रिल २०२५

पूर्णिमा,

माझ्या कानावर काही आलेलं नाही. कानच गेलेत, येणार कुठून?

धंद्यात असं होतं. दारोदार फिरून गिऱ्हाईक मिळवलं की ते दारोदार फिरूनच जातं. सव्वीस वर्षं एका जागी बसून राहिलेल्या माणसावर असली वेळ येत नाही.

एक सुचवते. पाकिटावरचा आईचा फोटो काढून टाक. पुन्हा नुसती मिरची छाप. नवं नाव घे. म्हणजे लोक विसरतील आणि तुझं सुरळीत होईल. फोटोमुळंच सगळ्यांचं लक्ष गेलं असावं.

तब्येतीला जप.

आक्काताई


निपाणी,
२२ एप्रिल २०२५

पूर्णिमा,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर येऊ नये असंच पत्र मी लिहिलं होतं. हे मात्र शेवटपर्यंत वाच. मग फाडून टाकलंस तरी चालेल.

ती बाई मी आहे.

कसं झालं ते सांगते. जयाबाईनं तळहातावर तुझी चटणी घेतली आणि विचारलं, कशी वाटतीया. मी बोट लावून चाखली. चांगली होती, पूर्णे. चांगली होती हेच मला सोसलं नाही. मी गप्प बसायला हवं होतं, सव्वीस वर्षं बसले तशी. त्याऐवजी मी म्हणाले, "एवढी लाल मिरची आपल्याकडं कुठं पिकतीया गं बाई?"

एवढंच. रंग हा शब्द मी उच्चारला नाही. त्या रात्री मी स्वतःला हेच बजावलं, की मी फक्त विचारलं. पण ती ब्याडगी आहे हे मला माहीत होतं. तू मला पत्रात लिहिलंच होतंस. नसतं लिहिलंस तरी मला बघूनच कळलं असतं, माझा जन्म त्यात गेलाय. नंबरात बसलेल्या अकरा बायकांना मात्र एकच कळलं, की आक्काताई कुणाच्या चटणीबद्दल कधी बोलत नाही आणि आज बोलली. म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. तुझ्या सरांना सांग, चेहऱ्यापेक्षाही एक मोठी जाहिरात असते. माणूस सव्वीस वर्षं गप्प राहिलेला असतो ती. मी ती सगळी एका वाक्यात खर्च केली, तीही तुझं वाटोळं करायला.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. हेही लिहून टाकते. पोती अंगणात पडून आहेत हे वाचलं आणि मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. फोटो काढून टाक असं सुचवलं ते त्याच बरं वाटण्यात. मला वाटलं, तुझं तुटेल आणि आई मला परत मिळेल.

गेल्या शुक्रवारी अंजनी म्हणून एक नवी सून सासूबरोबर कुटायला आली. तिच्या पिशवीत तुझं रिकामं पाकीट होतं, त्यात ती लवंगा घेऊन आली होती. शेजारची म्हणाली, "टाक गं ते, त्यात रंग असतोय." अंजनीनं पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "बघा की, म्हातारी दिसतीया कशी गरीब. जन्मभर लोकास्नी रंग चारला असंल हिनं." सगळ्या हसल्या. हसायला वाईट असं काही नव्हतं, बायका नंबरात बसल्यावर हसतातच.

त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, पूर्णे. तुझं नाव कुणाला माहीतच नाही. माझ्या आईला हसल्या त्या. ज्या बाईनं शेजारणीची चिमूटभर हळदसुद्धा तोंडानं मागून घेतली, तिला माझ्या दारात बसून चोर म्हणाल्या आणि ते मी त्यांना शिकवलं होतं.

मी डंक बंद केला. एकदम शांत झाल्यावर सगळ्या बघायला लागल्या. मी ते पाकीट अंजनीच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "ही माझी आई हाय. खांद्यावरचा हात माझा हाय. चटणीत रंग न्हाय, ती ब्याडगी हाय आणि मला ते त्या दिवशीच ठावं होतं. माझ्या भणीचं चांगलं चाललेलं मला बघवलं न्हाय, म्हणून मी बोलले."

मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, जाऊ दे आक्काताई. जयाबाई उठली. बावीस वर्षं माझ्याकडं कुटते ती. तिनं आपली मिरचीची पिशवी उचलली आणि म्हणाली, "आज भणीच्या चटणीवर बोललीस, उद्या माझ्या बोलशील." ती गेली तशा एकेक करून बाकीच्याही गेल्या. चार दिवस झाले. माझ्या दारात नंबर नाही.

तम्मण्णाला मी जाऊन सांगितलं आहे. संकेश्वरच्या दोन्ही दुकानांतही जाऊन आले, बसनं. तुझ्या कोल्हापूरच्या दुकानाचा पत्ता पाठव, तिथंही येते आणि हेच बोलते.

आता प्रमाणाचं. वही नाही. पेटीत आईचं एक लुगडं आहे आणि डांबराच्या गोळ्या. आईचं प्रमाण असं काही नव्हतंच. आपल्या घरची मिरची आईनं कधी कुटली नाही, घ्यायला होतं कुठं? आपण वर्षभर खात होतो ती डंकाची मूठ होती. पाटलांची मूठ, सुतारांची मूठ, कणकुंबीकडून येणाऱ्या बायकांची मूठ, सगळ्या एका डेऱ्यात. दर वर्षी वेगळी व्हायची. तुझ्या जिभेवर आहे ती सगळ्या गावाची चटणी आहे. तुला ती दोन क्विंटलमध्ये जुळणार नाही.

आणि फडकं बांधून माझ्याकडं यायचा त्या डब्यातही तीच असायची. मला वाटायचं, चांगली तुला ठेवून उरलेली मला पाठवते.

आक्काताई


पिरनवाडी,
१३ मे २०२५

आक्का,

तुझं पत्र महादेवला वाचून दाखवलं नाही. कुणालाच नाही.

पहिले आठ दिवस मला तुझा इतका राग आला होता की निपाणीची बस दिसली तरी मी तोंड फिरवत होते. मी तुला विचारत होते की कोण आहे ती बाई, आणि तू मला तब्येतीला जप म्हणून लिहीत होतीस. ते मला विसरता येत नाही. कधी येईल ते माहीत नाही. आता लगेच माफ केलं असं लिहिलं तर ते पाकिटावर छापल्यासारखं होईल.

कोल्हापूरला येऊ नकोस. ते गेलं. त्यांनी दुसऱ्या कुणाचा माल घेतला. तम्मण्णानं मात्र गेल्या आठवड्यात फोन करून वीस पाकिटं मागवली. म्हणाला, "आक्का सोताच्या तोंडानं सांगून गेल्या, आता काय इचारायचं?" तिघींपैकी एक कामाला परत आली आहे.

आता माझं ऐक. वास्तुशांतीच्या फोटोत तुला मी मुद्दाम कापलं. फोटोग्राफर म्हणाला होता, दोघी बहिणी दोन बाजूंना आणि मध्ये म्हातारी, झकास दिसेल. मी नको म्हटलं. तू शेजारी असलीस की ती तुझी आई दिसते. एकटी असली की माझी मावशी दिसते. तिच्या घरात दहा वर्षं राहिले मी, पण कुणी पाहुणा आला आणि ही कोण म्हणून विचारलं की ती सांगायची, बहिणीची पोरगी. एकदाही माझी म्हणाली नाही. पाकिटावर तरी ती फक्त माझी असावी असं मला वाटलं. तुझा हात राहिला तो माझ्या लक्षात आला होता. तो काढला तर खांदा तुटल्यासारखा दिसत होता.

मूठ मलाही ठाऊक होती. त्या डेऱ्यातली चटणी मी रोजच खात होते. पण मला वाटायचं, लेकीसाठी ती वेगळी करत असणार. झाकणावर फडकं बांधताना ती रडायची गं. म्हणून मला हात लावू देत नव्हती, हे मला आत्ता तुझं पत्र वाचून कळलं.

'गुपित प्रमाण' आणि 'तीन पिढ्या' हे शब्द पाकिटावरून काढले आहेत. फोटो ठेवला आहे. खाली काय लिहायचं ते अजून ठरत नाही, सध्या जागा कोरी आहे.

आज सकाळच्या बसनं दोन पोती मिरची आणि मसाल्याची पिशवी पाठवली आहे. कुटून ठेव. काम म्हणून देत नाही. इतर बायका आणतात तशी आणली असं समज. मसाल्यात एक चिठ्ठी आहे, त्यात माझं प्रमाण लिहिलं आहे, खरं. हे महादेवलाही माहीत नाही. जी काही चव लागते ती माझ्या डोक्यातून आलेली आहे, मावशीकडून नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

जाताना मूठ ठेवायची असते. मी तिथं नाही, तेव्हा तू तुझ्या हातानं काढून घे. आणि माझं प्रमाण कुणाला सांगू नकोस.

पूर्णिमा


निपाणी,
२० मे २०२५

पूर्णे,

पोती मिळाली. तीन दिवस डंक चालवला. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या की आक्काताईकडं कोण आलं. अंजनी तेवढी आत आली, कुणाची मिरची म्हणून विचारलं. मी म्हटलं, आहे एका घरची. ती उद्या तिची घेऊन येते म्हणाली. सासूला विचारून येईन म्हणाली, तेव्हा बघू.

चटणी डब्यांत भरून आजच्या बसनं पाठवते आहे. झाकणांना फडकी बांधली आहेत. चिठ्ठी वाचली आणि चुलीत घातली.

मूठ घेतली. आज तिचीच भाकरीवर तेल घालून खाल्ली. चांगली आहे. आईच्या डेऱ्यातल्या चटणीपेक्षा चांगली आहे आणि हे लिहिताना माझ्या पोटात अजून दुखतंय. पण लिहिलं आहे.

पाकिटावरच्या कोऱ्या जागेत आईचं नाव घाल. बाळाबाई, एवढंच. मावशीही नको आणि आईही नको.

आशीर्वाद.

आक्काताई